सात मिलिमीटरचा सांधा

ई-सिगारेटचे मुख्य भाग दोनच. खालच्या भागात बॅटरी आणि बटण असते. वरच्या भागात द्रवाची टाकी, वात आणि वातीला लागून तारेची बारीक कॉइल. बटण दाबले की कॉइल तापते, वातीत मुरलेला द्रव उडतो आणि त्याच्या अतिसूक्ष्म थेंबांचा धुरासारखा लोट तोंडात येतो. या दोन भागांना जोडतो तो कनेक्टर. बोटाच्या नखाएवढ्या या सांध्याची मापे कंपनीगणिक वेगळी होती. म्हणूनच हौशी लोकांनी घरच्या घरी, एका मापाचे दुसऱ्याला जुळवून देणारे अडॅप्टर बनवायला सुरुवात केली.

सांध्याची रचना दिसायला सोपी आहे. बाहेरच्या बाजूला आटे पाडलेली धातूची कडी असते आणि ती बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेली असते. मधोमध एक पिन, ती धन टोकाची. दोहोंच्या मध्ये रबर, सिलिकॉन किंवा टणक प्लास्टिकची लहानशी चकती बसवलेली असते, वीज आडमार्गाने जाऊ नये म्हणून. आटे फिरवून वरचा भाग घट्ट बसवला की कड्या कड्यांना आणि पिना पिनांना टेकतात आणि मंडल पूर्ण होते. म्हणजे एकाच तुकड्याला दोन कामे करावी लागतात. वरच्या भागाचे वजन आणि हिसके त्यानेच पेलायचे आणि वीजही त्यातूनच जायची. घरगुती अडॅप्टरमध्ये पुढे जे काही बिघडते, ते बहुतेक या दुहेरी जबाबदारीमुळेच.

द्रवाची वाफ करून ओढण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत हर्बर्ट गिल्बर्ट यांनी १९६३मध्ये बिनधुराच्या, बिनतंबाखूच्या सिगारेटच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६५मध्ये त्यांना पेटंट मिळालेही. ती सिगारेट बाजारात मात्र रुजली नाही. आज जी ई-सिगारेट ओळखली जाते, तिचे श्रेय चीनमधील औषधतज्ज्ञ होन लिक यांच्या २००३च्या आराखड्याला दिले जाते. त्यानंतरच्या चार-पाच वर्षांत चिनी कारखान्यांतून निरनिराळ्या बनावटीची उपकरणे युरोप-अमेरिकेत जाऊ लागली. त्यांना नावांऐवजी आकडेच होते: ८०१, ९०१, ५१०, ८०८. प्रत्येकाचे आटे वेगळे, व्यास वेगळा. काहींत बॅटरीच्या बाजूला आटे आतून, तर काहींत बाहेरून. एका कंपनीची कॉइल दुसऱ्या कंपनीच्या बॅटरीवर बसत नसे. भारतातल्या घरांत पिनांचा बल्ब आणि आट्यांचा बल्ब यांची जी गत होते आणि त्यासाठी होल्डर बदलणारा अडॅप्टर आणावा लागतो, तसलाच हा पेच होता. फरक एवढाच, की बल्बचा अडॅप्टर कारखान्यात, ठरलेल्या दर्जानुसार बनतो.

या गर्दीतून शेवटी टिकले ते ५१०. हे नाव शेन्झेनच्या जॉयटेक कंपनीच्या मॉडेल क्रमांकावरून आले. यंत्रकामाच्या भाषेत त्याचे माप एम७ × ०.५ असे लिहितात. म्हणजे बाहेरचा व्यास ७ मिलिमीटर आणि एका आट्यापासून पुढच्या आट्यापर्यंतचे अंतर, म्हणजे पिच, अर्धा मिलिमीटर. हे माप सर्वसाधारण नाही. हार्डवेअरच्या दुकानात आटे पाडायचा ७ मिलिमीटरचा टॅप मागितला तर जो मिळतो त्याचा पिच १ मिलिमीटर असतो. मुळात ७चे नट-बोल्टच कमी खपतात, लोक ६ किंवा ८ घेतात. अर्ध्या मिलिमीटरच्या पिचमध्ये आट्याची खोली जेमतेम ०.३ मिलिमीटर भरते. कडी बहुधा पितळेची आणि पितळ मऊ असते. दोन-चारदा वाकडे फिरवले की आटे जातात आणि मग भाग घट्ट बसल्यासारखा वाटतो, पण हलतो.

अडॅप्टरची गरज केवळ मापांच्या गोंधळातून आली असती तर ती ५१० सर्वमान्य होताच संपली असती. तिच्यामागे आणखी एक गरज होती: बॅटरी. सुरुवातीची ई-सिगारेट खऱ्या सिगारेटएवढी दिसावी म्हणून तिच्यात अगदी लहान सेल असे आणि तो काही तासांत उतरे. लोकांनी मोठा सेल वापरायचा ठरवले. ब्रिटनमध्ये २००८मध्ये टेड आणि मॅट रॉजर्स यांनी बनवलेले उपकरण हे अशा बदलांचे, म्हणजे ‘मॉड’चे, पहिले उदाहरण मानले जाते. मग टॉर्चच्या नळ्या, गोळ्यांचे पत्र्याचे डबे, प्लास्टिकच्या पेट्या यांत लॅपटॉपच्या बॅटरीत असतो तसा १८६५० सेल बसू लागला. या आकड्याचा अर्थ सरळ आहे: १८ मिलिमीटर जाडी आणि ६५ मिलिमीटर लांबी. पेटी, सेल, बटण सगळे मिळत होते. सुटा मिळत नव्हता तो कनेक्टर.

त्यावर तोड म्हणजे मेलेली जुनी बॅटरी. तिचे वरचे टोक कापून घ्यायचे, आतल्या दोन तारा मोकळ्या करायच्या आणि ते टोक नव्या पेटीच्या भोकात इपॉक्सीने चिकटवायचे. ज्याच्याकडे तीन प्रकारचे वरचे भाग असत, त्याला तीन पेट्या कराव्या लागत. यातून पुढची युक्ती निघाली. पेटीला एकच कायमचा सॉकेट ठेवायचा आणि प्रत्येक मापाचे कापलेले टोक वेगवेगळ्या प्लगला जोडून ठेवायचे. हवे ते टोक खोचले की काम झाले. यासाठी टेपरेकॉर्डर-टीव्हीच्या मागे असतो तो आरसीए प्लग किंवा चार्जरचा गोल डीसी प्लग सोयीचा ठरे, कारण त्यांचीही रचना तीच: मधे पिन, भोवती कडी. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत असे प्लग चिल्लर भावात मिळतात. कल्पकता म्हणून ही युक्ती दाद देण्याजोगीच आहे. अडचण विजेच्या हिशेबात आहे.

सुरुवातीच्या कॉइलचा रोध साधारण अडीच ओहम धरला तर पूर्ण भरलेल्या, ४.२ व्होल्टच्या सेलमधून पावणेदोन अँपिअरच्या आसपास वीज वाहते. एवढ्या विजेला कुठलाही प्लग पुरतो. पुढे दाट लोटाच्या हौसेपायी कॉइलचा रोध अर्ध्या ओहमवर आणि त्याहून खाली आला. त्याच सेलवर अर्ध्या ओहमची कॉइल लावली की प्रवाह ८.४ अँपिअर होतो आणि उष्णतेचे मान ३५ वॅटवर जाते, म्हणजे लहान सोल्डरिंग आयर्नइतके. साध्या डीसी प्लगची मजल काही अँपिअरपुरतीच असते.

आता यात घरगुती अडॅप्टर घालून पाहावा. त्याच्या सांध्यांत, सोल्डरच्या जोडांत आणि पिनेच्या टेकणीत मिळून केवळ ०.०५ ओहम रोध आहे असे धरू. साधा मल्टिमीटर एवढा रोध धड दाखवतही नाही, त्याच्या स्वतःच्या तारांचाच रोध त्याहून जास्त भरतो. जुन्या अडीच ओहमच्या कॉइलबरोबर या सांध्यात सातव्या हिश्श्याइतका वॅट जिरतो. हाताला कळतसुद्धा नाही. अर्ध्या ओहमच्या कॉइलबरोबर मात्र तिथे जवळजवळ ३ वॅट जिरतात, म्हणजे वीसपटीहून अधिक. जागा नखाएवढी आणि शेजारी रबराची चकती. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते हा शाळेतला नियम इथे पुरता लागू पडतो. कालपर्यंत वर्षभर विनातक्रार चाललेला अडॅप्टर, वरचा भाग बदलताच बिघडतो तो यामुळे. तो बसतो, वळतो, काम करतो, आणि म्हणूनच तो योग्य आहे असे वाटते.

चकतीचे दुखणे त्याआधीच सुरू झालेले असते. पिनेला तार जोडताना सोल्डरिंग आयर्नचे टोक ३५० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. कनेक्टर जुन्या बॅटरीचा, चकती आधीच वापरलेली. हात जरा रेंगाळला की ती मऊ पडते, पिन तिरकी होते किंवा खाली बसते. खाली बसलेली पिन वरच्या पिनेला टेकत नाही. वापरणारा मग भाग आणखी आवळतो, त्या दाबाने पिन आणखी आत जाते आणि एका क्षणी कडीला टेकते. धन आणि ऋण थेट जोडले गेले की शॉर्ट सर्किट. कारखान्यांनी यावर स्प्रिंगवर तरंगती पिन आणि ‘पीक’ (PEEK) किंवा डेलरिनसारख्या उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकची चकती आणली. घरगुती तुकड्यात बहुधा यांतले काहीच नसते.

सर्वांत धोक्याची जोडणी म्हणजे ‘हायब्रिड’. काही धातूच्या नळकांड्यांत इलेक्ट्रॉनिक सर्किट नसते, कनेक्टरची स्वतःची पिनही नसते. वरच्या भागाची पिन थेट सेलच्या डोक्याला टेकते. ही पिन आट्यांच्या कडीपेक्षा थोडी पुढे आलेली असेल तरच ही मांडणी चालते. १८६५० सेलचे धन टोक मधोमध असते आणि त्याच्या भोवतीची डब्याची कड ऋण असते, मधे पातळ आवरण. अडॅप्टर लावल्यावर पिन कडीच्या पातळीत आली किंवा किंचित आत गेली, तर आट्यांची धातूची कड सेलच्या डोक्यावर टेकते आणि सेल स्वतःच्याच दोन टोकांत शॉर्ट होतो. बटण न दाबताही. लिथियम सेलमध्ये असे झाले की थोड्याच वेळात आतले तापमान आवरेनासे होते, द्रव उकळतो, वायू बाहेर पडायला वाट शोधतो. धातूच्या बंद नळीत ती वाट दोनच ठिकाणी असते, तळाला किंवा तोंडाकडे. ई-सिगारेटचे स्फोट खिशातल्या फटाक्यासारखे न होता बंदुकीच्या गोळीसारखे होतात असे अहवाल सांगतात, ते या नळीमुळे.

अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००९ ते २०१६ या काळात वृत्तपत्रांतून नोंदल्या गेलेल्या अशा आगी आणि स्फोटांची मोजणी केली, ती १९५ भरली. त्या यादीत मृत्यू नव्हता. मे २०१८मध्ये फ्लोरिडात आणि जानेवारी २०१९मध्ये टेक्सासमध्ये स्फोटाने माणसे दगावली. सगळे अपघात अडॅप्टरमुळे झाले असे म्हणता येत नाही. सुटे सेल, तुटलेले आवरण, किल्ल्यांच्या जुडग्याबरोबर खिशात टाकलेली बॅटरी हीही कारणे आहेत. जानेवारी २०२१मध्ये अमेरिकेच्या ग्राहक-सुरक्षा आयोगाने सुटे १८६५० सेल ग्राहकांनी विकत घेऊ नयेत, वापरू नयेत असे जाहीर केले. हे सेल संरक्षक सर्किटसह पॅकमध्ये बसवण्यासाठी बनतात, सुटे हाताळण्यासाठी नव्हे, हे त्यामागचे कारण.

आगीपेक्षा हळू चालणारा दुसरा धोका श्वासातला आहे. जुन्या ५१० पद्धतीत हवा कनेक्टरच्या कडेच्या खाचांतूनच आत ओढली जाई. म्हणजे सोल्डरचा डाग, त्यावर राहिलेला राळेचा थर आणि इपॉक्सीची वाफ, सगळे त्या वाटेवर. साध्या सोल्डरमध्ये ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसे असते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड येथील संशोधकांनी २०१३मध्ये कारखान्यात बनलेल्या ई-सिगारेटच्या लोटातही कथलाचे कण दाखवले होते आणि त्यांचा माग आतल्या सोल्डरच्या जोडांपर्यंत नेला होता. जॉन्स हॉपकिन्सच्या गटाने २०१८मध्ये नेहमी वापरणाऱ्या ५६ जणांची उपकरणे तपासली. बाटलीतल्या द्रवात जे धातू नगण्य होते, ते कॉइलवरून आलेल्या लोटात वाढलेले निघाले: शिसे, निकेल, क्रोमियम. द्रव गळून कनेक्टरमध्ये साचला की तिथेही पितळ आणि निकेलचा मुलामा झिजतो. घरी टेबलाशी बसून केलेल्या जोडात यापेक्षा कमी धातू सुटतील असे मानायला काही आधार नाही.

सर्वमान्य सांध्याचा एक परिणाम कुणीच योजलेला नव्हता. ५१०चे आटे इतके पसरले की अमेरिकेत गांजाच्या अर्काची कार्ट्रिजेसही त्याच मापात बनू लागली. बॅटरी कुठलीही चाले, कार्ट्रिज कुणाकडूनही घेता येई. काळ्या बाजाराला हे फारच सोयीचे झाले. २०१९मध्ये फुप्फुसांच्या गंभीर इजेची जी साथ अमेरिकेत पसरली, तीत फेब्रुवारी २०२०पर्यंत २,८०७ जण रुग्णालयात दाखल झाल्याची किंवा मरण पावल्याची नोंद झाली, त्यांपैकी ६८ मृत्यू. तपासात बोट मुख्यतः भेसळीच्या व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेटकडे गेले, आणि रुग्णांपैकी बहुतेकांनी गांजाच्या अर्काची उत्पादने वापरली होती. दोष आट्यांचा नव्हता. पण काय कशाला जोडावे यावरची शेवटची अडचण सामाईक मापाने काढून टाकली होती, हे खरे. दरम्यान बड्या कंपन्या उलट दिशेने गेल्या. २०१५मध्ये आलेल्या जूल या ई-सिगारेटने आटेच काढले आणि फक्त स्वतःच्याच कुपीला बसणारी खाच दिली. अडॅप्टरच्या हौशी पर्वाला ओहोटी लागली ती इथून, आणि तिच्यामागे सुरक्षेपेक्षा धंदा अधिक होता.

भारतात या विषयाला निराळे वळण आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ऑगस्ट २०१८मध्ये राज्यांना ई-सिगारेट रोखण्याची सूचना केली. मे २०१९मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने संपूर्ण बंदीची शिफारस केली. १८ सप्टेंबर २०१९ला अध्यादेश निघाला आणि डिसेंबर २०१९मध्ये त्याचा कायदा झाला. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण आणि जाहिरात हे सगळे त्याने बंद केले. निकोटिन असो वा नसो, आकार कुठलाही असो, नाव काहीही असो, पदार्थ तापवून ओढण्यासाठी लोट तयार करणारे विजेचे उपकरण ही त्याची व्याख्या आहे. ई-हुक्काही त्यात आला. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली परवाना असलेली उत्पादने तेवढी वगळली.

हौशी कारागिराच्या दृष्टीने मोलाची गोष्ट उत्पादनाच्या व्याख्येत दडलेली आहे. बंदी कारखान्यांवर आहे, घरी बसून एखादी कडी बनवली तर काय, असा समज आढळतो. कायद्याच्या शब्दांत मात्र उत्पादनामध्ये ई-सिगारेटच्या कोणत्याही भागाची निर्मिती आणि जुळणीही येते. कारखाना आणि घर असा भेद त्यात केलेला नाही. ५१०चा कनेक्टर असलेला अडॅप्टर हा दुसऱ्या कुठल्या कामाचा तुकडा नव्हेच, तो त्या उपकरणाचाच भाग. तेव्हा ‘मी विकत नाही, फक्त बनवतो’ हा बचाव लटका पडतो. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. नुसत्या साठवणीलाही सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्याला झडती घेता येते.

कायदा केंद्राचा असल्याने राज्याची सीमा ओलांडली म्हणून काही बदलत नाही. सीमेपलीकडचे उदाहरण घ्या: नागपूरहून छत्तीसगडमधल्या रायपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर भिलाई आणि रायपूर यांच्या मध्ये कुम्हारी हे गाव लागते. जवळच भिलाईचा पोलाद कारखाना. त्या कारखान्याच्या नोकरीसाठी विदर्भातून अनेक मराठी कुटुंबे तिकडे गेली. अशा औद्योगिक पट्ट्यात लेथ चालवणारा माणूस शोधावा लागत नाही. चेंज गिअर बदलून अर्ध्या मिलिमीटरचा पिच काढणे त्याला अवघड नाही. साडेसहा मिलिमीटरचे भोक, त्यात आटे, मधे चकती आणि पिन. गिऱ्हाईक कागदावर काढून देते ते चित्र पाइपफिटिंगच्या निपलसारखे दिसते आणि कारागिराला ते कशाचे आहे हे बहुधा सांगितलेले नसते. ७ मिलिमीटर व्यास, अर्धा मिलिमीटर पिच आणि मधोमध प्लास्टिकने वेगळी केलेली पिन हे तिन्ही एकत्र आले तर मात्र काम घेण्याआधी प्रश्न विचारलेला बरा. ते माप नळाचे नाही, गॅसचे नाही आणि घरातल्या नेहमीच्या विजेच्या उपकरणांचेही नाही.

ज्यांच्या घरात अशी जुनी उपकरणे पडून आहेत, त्यांनी त्यातला सेल कचऱ्याच्या डब्यात टाकू नये. दाबला गेला तर कचरागाडीतही तो पेटतो. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून तो ई-कचरा गोळा करणाऱ्याकडे द्यावा. एम७ × ०.५चा टॅप विकत घेणे, जवळ ठेवणे आणि वापरणे यात भारतात काहीही बेकायदा नाही. त्याने पाडलेले आटे ई-सिगारेटच्या सांध्याचे असले, तर ते २०१९च्या कायद्याखाली उत्पादन ठरते.